एवढा घाट चढून याच

कोल्हापूर, शनिवार रात्र

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

ओवी दमून झोपली आहे आणि समीर उद्याच्या जोतिबाच्या गाडीची चौकशी करायला खाली गेला आहे. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून आजचं सगळं लिहूनच पाठवते. बाबांनी मोठ्याने वाचावं, म्हणजे आईला स्वयंपाकघरातूनही ऐकू येईल.

पुण्याहून पहाटे निघालो. प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. खोलीवर सामान टाकलं आणि आधी अंबाबाईला गेलो. आई, तुझ्या नावाने ओटी भरली. हिरवा खण, नारळ, तांदूळ आणि तू गणपतीत बांधून दिलेली हळकुंडं. रांग मोठी होती, पण मी तिथे मुद्दाम चौकशी केली. ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही त्यांच्यासाठी मुखदर्शन आहे. त्याची रांग वेगळी, आणि ती लवकर सरकते. देवी जरा लांबून दिसते, पण अगदी समोरून दिसते. तुझ्या गुडघ्यांना तेच बरं.

देवीचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणून नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात शिरतात, आधी पायांवर, मग वर चढत मुखापर्यंत. किरणोत्सव बघायची तुझी किती वर्षांची इच्छा आहे ते मला ठाऊक आहे. पण त्या गर्दीत तुला उभं करायला माझं मन होत नाही. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीचे दिवस सोडून ये, निवांत ओटी भरता येईल.

दर्शनानंतर बाहेरच्या भिंतींपाशी मी बराच वेळ रेंगाळले. काळ्या दगडात कोरलेल्या बायका आहेत, कुणी नाचते आहे, कुणी वाजवते आहे. हात पोचतो तिथवरचा दगड पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तुळतुळीत झाला आहे, आणि वरचा अजून खरखरीत.

बाबा, आता तुमचं. खासबाग मैदान पाहिलं. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले तेव्हा रोमचं कलोझियम बघून आले आणि त्या धर्तीवर हे बांधून घेतलं. 1912 साली ते सुरू झालं. चारी बाजूंनी उतरती बैठक आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. मी सगळ्यात वरच्या टोकाला जाऊन बसले, तिथूनही हौद्याची कड न् कड दिसते. गरिबातल्या गरीब माणसालाही कुस्ती दिसली पाहिजे, हा विचार राजाने केला होता. गणपतराव आंदळकरांचं नाव तुम्ही किती आदराने घ्यायचात! 1960चे हिंदकेसरी, इथल्या मोतीबाग तालमीत घडलेले. ते सगळं ओवीला सांगताना मला तुमच्याच शब्दांत सांगावंसं वाटत होतं. ते तुम्ही इथे येऊन तिला सांगा.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. 1915चं पॅलेस थिएटर ते हेच. ऑगस्ट 2024मध्ये ते आगीत जळालं, तेव्हा बातम्या बघून तुम्ही त्या रात्री जेवला नव्हता, असं आईने सांगितलं होतं. आयुष्यभर दशावतारात तोंडाला रंग लावलेल्या माणसाला ते लागणारच. मी रस्त्यावरूनच तुमच्या वतीने नमस्कार केला.

जेवण मात्र सविस्तर सांगायला हवं, नाहीतर आई विचारेल. तांबडा रस्सा झणझणीत आहे, तो तुमच्या पोटाला नको. पण पांढरा रस्सा दोघांनाही चालेल. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, वर मिरी-लवंगेची ऊब. नारळ घरचा असता तर आणखी छान लागला असता, आई.

संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायलो. म्हशी तिथेच उभ्या असतात आणि डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात. फेस ओठांना लागतो आणि पेला कोमट लागतो. ओवीला दूध पिशवीतून येतं एवढंच माहीत. ती म्हशीच्या कासेकडे टक लावून बघत राहिली. गोठा तुझ्याच हातचा, आई, तू असतीस तर तिला धार कशी धरायची तेही दाखवलं असतंस.

मग रंकाळा. काठाने फिरायला सपाट वाट आहे, बसायला ठिकठिकाणी बाकं आहेत. समोर पाण्यापलीकडे शालिनी पॅलेस. वारा इतका छान की मला तुम्हा दोघांना तिथे बसवून नुसतं बघत राहावंसं वाटलं. भेळ खाल्ली, बाबांच्या दातांना फरसाण जड जाईल.

चप्पल लाईनला गेलो, पण बाबांसाठी जोड घेतला नाही. तुमचा पाय संध्याकाळी सुजतो, अंदाजाने घेतलेला पट्टा रुतेल. दुकानातले काका म्हणाले, “त्यांनाच घेऊन या की! पाय बघून देतो.”

तुम्ही नेहमी म्हणता, कोल्हापूर काय, घाटावर चढलं की आलंच, जाऊ कधीतरी. तेव्हा आता ठरवूया. तुम्ही कणकवलीहून फोंडाघाटाची गाडी धरा, ती राधानगरीवरून इथल्या स्टँडवर येते. मी पुण्याहून आदल्या रात्रीच येऊन थांबेन आणि उतरवून घ्यायला स्टँडवर असेन. देवळाजवळ तळमजल्यावरची खोली बघून ठेवली आहे, जिना चढायचा नाही. गुरांचं शेजारच्या काकींना सांगता येईल, मी स्वतः त्यांना फोन करते.

पावसाआधी या. आई, बाबांची बीपीची गोळी पुरेशी आहे ना ते बघ, आणि भात लावणीचं निमित्त पुढे करायच्या आत दिवस ठरवून मला कळवा.

तुमची,
मनू