हरकती मागवता, मग उत्तरही छापा

मा. संपादक,
स. न.

अभ्यासक्रमाचा मसुदा आला की ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. आम्ही शिक्षक त्या तळमळीने लिहून पाठवतो. पुढे त्यांचे काय झाले, हे मात्र आम्हाला कुणीच कळवत नाही.

लोकांच्या बोलण्याने काही बदलतच नाही, असे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कस्तुरीरंगन समितीचा मसुदा ३१ मे २०१९ रोजी खुला झाला. त्यातल्या हिंदीच्या उल्लेखावरून तमिळनाडूत असंतोष उसळला आणि ३ जूनला तो परिच्छेद बदललाही गेला. आपल्याकडे पहिलीपासून हिंदी आणणारे एप्रिल आणि जून २०२५चे दोन्ही शासन निर्णय जून संपता संपता मागे घ्यावे लागले. दोन्ही वेळची माघार योग्यच होती. पण ती रेट्यापुढे घेतलेली होती. लेखी सूचना वाचून नव्हे.

दशांश अपूर्णांकांसाठी कोण मोर्चा काढणार? ०.५ आणि ०.१२ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की वर्गातली बरीच मुले ०.१२ सांगतात. पाचापेक्षा बारा मोठे, हे त्यांचे सरळ गणित. हीच मुले आधी मोजपट्टी घेऊन सेंटिमीटर-मिलिमीटरमध्ये भरपूर मापे घेऊन आलेली असली, तर घोळ खूप कमी होतो. म्हणजे कोणता घटक आधी घ्यायचा, कोणता नंतर आणि त्याला किती तासिका द्यायच्या, यावर सारे अवलंबून असते. हे फळ्यापाशी उभ्या असलेल्यालाच दिसते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये २३ भाषांत ऑनलाइन सर्वेक्षण घेतले, ही चांगलीच गोष्ट. पण बहुपर्यायी प्रश्नांत असले निरीक्षण कुठे लिहायचे?

कायद्यांच्या मसुद्यांबाबत केंद्राने २०१४ मध्येच धोरण ठरवले आहे. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि आलेल्या प्रतिसादांचा गोषवारा संकेतस्थळावर द्यायचा. कोट्यवधी मुलांच्या अभ्यासक्रमाला एवढे तरी लागू करायला काय हरकत आहे? अंतिम आराखड्यासोबत एक साधा तक्ता हवा: मुख्य सूचना कोणत्या आल्या, कोणत्या स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या आणि का. ‘नाही’ म्हटले तरी चालेल, पण कारण द्या. कारण कळले तर पुढच्या वेळी शिक्षक अधिक नेमके लिहितील. नाहीतर ‘पाठवून काय उपयोग’ म्हणून लिहिणेच सोडतील, आणि तसे होऊ लागलेही आहे.

आणखी एक. राज्याचा शालेय शिक्षणाचा आराखडा मे २०२४ मध्ये, ऐन उन्हाळी सुटीत, अभिप्रायांसाठी आला. पुढचे मसुदे शाळा सुरू असताना काढावेत. मग आम्हाला एखादा घटक वर्गात घेऊन पाहता येईल आणि त्यावरून अभिप्राय लिहिता येईल.

– एक प्राथमिक शिक्षिका