तंबूतली शेगडी बाहेर काढणाऱ्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवील, असे त्याने कबूल केले आहे. खरे तर भिगवणला येऊन समोरासमोर आभार मानणे योग्य झाले असते, परंतु त्या रात्री तुम्ही आम्हाला जे सांगितले ते पुण्याहून हिवाळ्यात गळ घेऊन उजनीच्या काठी येणाऱ्या आणखी चार जणांच्या कानी पडावे, म्हणून हे पत्र उघडे ठेवत आहे.

डिसेंबरातील त्या शनिवारी मी आणि माझा मेहुणा संध्याकाळी काठावर पोहोचलो, तेव्हा आपली तयारी उत्तम आहे अशी माझी ठाम समजूत होती. पुण्यातल्या एका दुकानातून घेतलेले भारी किमतीचे जाकीट माझ्या अंगावर होते, पायांत गमबुटांच्या आत दोन-दोन मोजे होते, आणि गाडीत कोळशाची शेगडी व रमची अर्धी बाटली होती. पुण्याच्या माणसाला थंडी नवी नाही. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्यात १.७ अंशांपर्यंत उतरलेला पारा हा आमच्याकडे आजही अभिमानाने सांगायचा विषय आहे. परंतु चार भिंतींच्या आत गोधडीखाली सोसलेली थंडी आणि पाण्याच्या काठी, हातात रॉड धरून, तासन् तास न हलता सोसायची थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

पहिली चूक जागेची होती. वारा लागू नये म्हणून आम्ही तंबू ओघळीत ठोकला होता. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते, तिच्या अंगची हवा गार होते, आणि गार हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उताराने वाहत येऊन खळग्यात साचते, हे शाळेत शिकलेले ज्ञान मला तंबू ठोकताना आठवले नाही. दुसरी चूक कपड्यांची. रॉडचे स्टँड रोवताना मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो होतो आणि अंगात जीनची पँट होती. ओले सुती कापड अंगाला चिकटून बसते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणजे वर जाकीट कितीही भारी असले, तरी खालून मी रात्रभर गळतच होतो. रमचे तर सांगायलाच नको. दोन घोट पोटात गेल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त वर येते, अंग गरम वाटते, आणि नेमकी तीच ऊब बाहेर निघून जाते. अर्ध्या तासाने आम्ही आधीपेक्षा जास्त कुडकुडत होतो.

म्हणून रात्री एकच्या सुमारास आम्ही शेगडी तंबूत घेतली आणि चेन लावून घेतली.

तुम्ही जाळे लावून परतत होता. तंबूच्या कापडातून दिसणारा तांबूस उजेड पाहून तुम्ही थांबलात, हाक मारलीत, आणि आम्ही ओ देण्याआधीच चेन उघडलीत. "शेगडी आधी भायेर काढा, पाव्हणं, मंग बोलू," एवढेच म्हणालात, आणि उपरण्याने कडी धरून स्वतःच ती उचललीत. माझे डोके तेव्हा ठणकत होते आणि मेहुण्याला मळमळत होते. ते आम्ही जागरणावर आणि रमवर ढकलून मोकळे झालो होतो. कोंडलेल्या जागेत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवते. माणूस झोपेत जातो तो जातोच. तुम्ही त्या वायूचे नाव घेतले नाहीत, फक्त "आत जाळ नको" म्हणालात. पण आज आम्ही दोघे आपापल्या घरी आहोत ते त्या तीन शब्दांमुळे, असे मी अतिशयोक्ती न करता लिहितो.

त्यानंतर तुम्ही जे केलेत त्याबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण शेगडी काढून घेऊन निघून जाणारा माणूसही उपकारकर्ताच ठरला असता. तुम्ही आम्हाला ओघळीतून वीस-पंचवीस पावले वर, बांधाच्या आडोशाला नेलेत. शेजारच्या उसाच्या फडातले पाचट दोन कवळे आणून जमिनीवर जाड पसरलेत, त्यावर युरियाची रिकामी पोती घातलीत आणि मगच बसू दिलेत. पाचट वाळलेले आहे, विडीसुद्धा लांब ओढा, ही ताकीदही दिलीत. मी रात्रभर अंगावर काय घालायचे याचा विचार करत होतो. अंगाखाली काय घालायचे, हा विचार मला शिवलाच नव्हता, आणि माझी खुर्ची तर खालून उघडीच होती.

मग तुम्ही माझे बूट काढायला लावलेत. दोन मोज्यांनी पाय इतका आवळला होता की बोटांपर्यंत रक्त धड पोहोचत नव्हते, म्हणून जाड मोजा वाढवल्याने पाय उलट गारठला होता. एकच लोकरी मोजा सैल चढवून, बुटाच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घालायची, हा तुमचा उपाय मी तेव्हापासून पाळतो. ओली पँट काढून तुमच्या बोचक्यातले धोतर मी गुंडाळले, तेव्हा मेहुणा हसला आणि तुम्ही मात्र हसला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे.

हातांचे तुमचे तंत्र मी नीट पाहिले. जाळ्याला किंवा माशाला हात लावून झाला की तुम्ही कमरेच्या कोरड्या फडक्याने बोटांच्या बेचक्यांसह हात पुसत होता आणि लगेच काखेत घालत होता, जाळावर धरत नव्हता. बधिर बोटांना चटका कळत नाही, हे तुमचे म्हणणे माझ्या मेहुण्याच्या तर्जनीने दुसऱ्याच हिवाळ्यात सिद्ध केले.

आणि ती घोंगडी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेली, धुराचा आणि माशांचा वास असलेली. पहाटे दव इतके पडले की तिच्यावर थेंब उभे राहिले, तरी आत ऊब तशीच होती. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते, आणि तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून राहते. कारण हे असे आहे. माझ्या जाकिटाला यातले काहीही जमले नव्हते.

तीनच्या सुमारास तुम्ही बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि गूळ-शेंगदाणे काढलेत. भूक नाही असे मी म्हणालो, तर अंगातला जाळ सरपणाशिवाय चालतो का, असे तुम्ही विचारलेत. ते खाल्ल्यावर अर्ध्या तासात माझी हुडहुडी थांबली. पहाटे, थंडीचा कडाका सर्वांत जास्त असतो त्या वेळी, पाण्यावरून वाफा निघत होत्या आणि गळाला दीड हाताची वाम लागली. गार पाण्यात मासा सुस्तावतो, ओढ हलकी लागते, बोटांना जाण असेल तरच कळते. माझ्या बोटांना तेव्हा ती होती.

निघताना मी पैसे पुढे केले, ते तुम्ही घेतले नाहीत, आणि वामही घेतली नाहीत. त्याबद्दल मी तेव्हा काही बोलू शकलो नाही.

तुमचे धोतर धुऊन, इस्त्री करून ठेवले आहे. घोंगडी मात्र धुतलेली नाही, कारण खळ निघून जाईल असे तुम्ही बजावले होते. येत्या अमावस्येच्या आधीच्या शनिवारी दोन्ही वस्तू घेऊन येतो. शेगडीही आणतो, चहासाठी, उघड्यावर.

आपला कृपाभिलाषी,
कोथरूडचा गळवाला