जोडाच्या ड्रॉइंगवर सही कोणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रीकास्ट पद्धतीने किंवा पोलादी सांगाड्यावर इमारती किती झटपट उभ्या राहतात, याचे कौतुक वर्तमानपत्रांच्या घरबांधणी पुरवण्यांत नेहमी वाचायला मिळते. कौतुक रास्तच आहे. कारखान्यात, साच्यात, देखरेखीखाली ओतलेले काँक्रीट पावसापाण्यात घाईने ओतलेल्या काँक्रीटपेक्षा चांगले निघते, यात वाद नाही. पण कारखान्यातून आलेले हे तुकडे एकमेकांना धरून कसे राहतात आणि ते ठरवतो कोण, याबद्दल कुठे अवाक्षर नसते. मी कर्वेनगरात एका डिटेलिंग ऑफिसात, म्हणजे इंजिनिअरच्या डिझाइनवरून प्रत्येक तुकड्याचे आणि जोडाचे कारखान्यासाठी ड्रॉइंग काढणाऱ्या ऑफिसात, चेकर आहे. सहकाऱ्यांनी काढलेले ड्रॉइंग कारखान्यात जाण्याआधी बोल्टनबोल्ट तपासायचे, हे माझे काम. म्हणून हे पत्र.

स्ट्रक्चरल इंजिनिअरने डिझाइन दिले की काम झाले, असा सर्वसाधारण समज आहे. इंजिनिअर तुळई आणि खांबाचे माप देतो, जोडावर येणारा भार देतो. निदान द्यायला हवा. ती तुळई खांबाला कोणत्या क्लीटने (जोडणाऱ्या पोलादी तुकड्याने) लागणार, बोल्ट किती, वेल्ड किती जाडीचे, पाना फिरवायला जागा उरते का, हे बहुतेक वेळा डिटेलिंगच्या टेबलावर ठरते. पोलादी बांधकामाचे भारतीय मानक आयएस ८०० याप्रमाणे २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ चे भोक. ते प्लेटच्या काठापासून किती आत हवे? काठ मशीनवर गॅसने कापलेला असेल तर किमान ३३ मिलिमीटर, हाताने कापलेला असेल तर साडेसदतीसच्या आसपास. म्हणजे प्लेट कशी कापली जाणार हे ठाऊक नसेल तर एक साधे भोकही बरोबर दाखवता येत नाही. वेल्डचेही तसेच. कारखान्यातल्या वेल्डची ताकद हिशेबात सुरक्षेसाठी १.२५ ने भागतात, साइटवरच्या वेल्डची १.५ ने. कारखान्यात करायचे वेल्ड कोणी परस्पर साइटवर ढकलले, तर त्याची हिशेबातली ताकद सहाव्या हिश्श्याने कमी होते. गॅल्व्हनाइझ करायच्या, म्हणजे जस्ताचा थर द्यायच्या, बंद पाइपला हवा जायला भोक दाखवायचे राहिले, तर साधारण ४५० अंशांच्या जस्ताच्या कढईत तो पाइप फुटू शकतो आणि शेजारी उभा असलेला कामगार भाजतो. तपासताना हे सगळे डोळ्यांत तेल घालून बघावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

जोडाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे एक उदाहरण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असायला हवे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात एका हॉटेलच्या भव्य दालनात हवेतले पूल छतापासून पोलादी सळ्यांनी टांगले होते. चौथ्या मजल्याच्या पातळीवर एक आणि बरोबर त्याच्या खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ ड्रॉइंगमध्ये एकच अखंड सळी दोन्ही पुलांतून खाली जात होती, त्यामुळे वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त वरच्या पुलाचा भार होता. एवढ्या लांब सळीला आटे पाडणे आणि ती सांभाळणे अवघड, म्हणून फॅब्रिकेशनच्या, म्हणजे कारखान्यात पोलादाचे भाग तयार करण्याच्या, टप्प्यावर एका सळीच्या दोन केल्या. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बदल किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात खालचा पूल आता वरच्या पुलाच्या तुळईला लटकला आणि त्या एका नटवर दुप्पट भार आला. मूळचा जोडही नियमाला पुरणारा नव्हता, पण बदललेल्या जोडाचा हिशेब तर कोणीच केला नाही. १७ जुलै १९८१ रोजी दालनात गर्दी असताना दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे गेली. मंजुरीसाठी गेलेल्या त्या ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता.

प्रीकास्टमध्ये लंडनच्या रोनन पॉइंटचे नाव घेतात. २२ मजली इमारत, १६ मे १९६८. अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, भार वाहणारी एक भिंत बाहेर फेकली गेली आणि पूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत उतरला. चार माणसे दगावली. भिंती पुरेशा भक्कम होत्या, त्यांना धरून ठेवणारे जोड नव्हते. पुढे इमारत उतरवताना जोडांत काँक्रीटऐवजी पोकळ्या आणि कोंबलेले कागद सापडले. २००१ च्या भूजच्या भूकंपात प्रीकास्ट शाळाखोल्या पडल्या, त्यांचेही जोडच कच्चे होते. त्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी होती, एरवी अशा खोल्यांत वर्ग भरलेले असतात. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या, आयएस १८९३ च्या, २०१६ च्या नकाशात आपले पुणे भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, क्षेत्रात आहे.

माझ्या ऑफिसात अमेरिकेची कामे येतात, तशी चाकण-तळेगावची शेडही येतात. दोन्हींतला फरक बघून जीव तुटतो. तिकडच्या पोलाद उद्योगाच्या नियमावलीत ड्रॉइंग तपासून परत करायला १४ दिवस गृहीत धरलेले असतात. उभारणी करणाऱ्याच्या जिवासाठी प्रत्येक खांबाला पायाशी धरून ठेवणारे किमान चार अँकर बोल्ट हवेत, असा तिथे कायदाच आहे. खांबाच्या दोन बाजूंनी दोन तुळया एकाच बोल्टांवर येत असतील, तर दुसरी चढवताना पहिली सुटून पडू नये अशी सोयही जोडात करावी लागते. टेक्सासमधल्या कामगारासाठी कर्वेनगरात बसलेली आमची मुले हे सगळे न चुकता दाखवतात. इकडच्या कामाला मात्र व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि पाठोपाठ फोन: "साहेब, उद्या कटिंग लावायचंय, अप्रूव्हल मागाहून घेऊ." जोडावरचा भार विचारला तर उत्तर मिळते, "नेहमीसारखं धरा." इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर "जोड फॅब्रिकेटरने ठरवावेत" अशी ओळ असते आणि फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये त्या कामाचा एक रुपयाही धरलेला नसतो. मुले तीच आहेत, सॉफ्टवेअरही तेच. चाकणच्या शेडवर चढणाऱ्या माणसाचा जीव टेक्सासच्या माणसापेक्षा स्वस्त का असावा?

पुण्याच्या जुना बाजारात ५ ऑक्टोबर २०१८ ला होर्डिंगचा सांगाडा पडून चौघे गेले, किवळ्यात १७ एप्रिल २०२३ ला पाच जण. अशा प्रत्येक घटनेनंतर ऑडिटची मागणी होते. ऑडिट जरूर व्हावे, पण उभ्या सांगाड्याचे ऑडिट करणाऱ्याला खांबाच्या तळाच्या बेस प्लेटखाली काँक्रीटमध्ये अँकर किती खोल गेलाय हे वरून कसे दिसणार? ते ड्रॉइंगवरूनच कळते, आणि ड्रॉइंग जागेवर नसते.

म्हणून पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका व पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांना माझी विनंती आहे. पोलादी किंवा प्रीकास्ट इमारत, पादचारी पूल, होर्डिंग यांना परवानगी देताना जोडांचे हिशेब आणि ड्रॉइंग जमा करून घ्या. त्यावर काढणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा अशी तीन वेगळी नावे असू द्या. सरकारी निविदेत ड्रॉइंग तपासणीचे दिवस आणि त्याचे पैसे स्वतंत्र दाखवा, म्हणजे घाईत पहिली कात्री तिथे लागणार नाही.

प्रीकास्ट इमारतीत घर घेणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. अशा बऱ्याच इमारतींत भिंतच खांबाचे काम करते. एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक पाडणारे कोअर मशीन लावणारा माणूस भिंतीत कुठे जोडाची सळई आहे हे विचारत नाही, आणि विचारले तरी सोसायटीकडे उत्तर नसते. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषासाठी ताब्यापासून पाच वर्षे बिल्डर बांधील असतो. तेवढ्या काळात वाद उभा राहिला तरी मूळ जोड कसा होता हे दाखवायला कागद लागतोच. तेव्हा ताबा घेताना मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्राबरोबर पॅनेलचा, म्हणजे प्रीकास्ट भिंतींच्या तुकड्यांचा, आराखडा, भार वाहणाऱ्या भिंतींची यादी आणि जोडांची अंतिम ड्रॉइंग लेखी मागा. ती फाइल सोसायटीच्या कपाटात ठेवा आणि भिंतीला मशीन लागण्याआधी उघडा.

आपला,
एक चेकर, कर्वेनगर, पुणे