इंजिनाचं कौतुक झालं, आता ब्रेकचंही विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्या सजवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांवर पानभर मजकूर आला, फोटो झकास होते, वाद नाही. पण फियाटमध्ये, म्हणजे पद्मिनीत, जिप्सीचं १३०० चं इंजिन टाकलं, ॲलॉय टाकले, सायलेन्सर बदलला, हे सगळं आलं आणि ब्रेकबद्दल एक ओळ नाही!

पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारी घासपट्टी, तिलाच लायनर म्हणतात. त्या वेगाला ते पुरायचे. आता हीच गाडी सत्तरऐवजी शंभरला पळणार तर थांबवताना ब्रेकमध्ये दुप्पट उष्णता तयार होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट झाला की चौपट आणि सत्तरचा शंभर झाला की साधारण दुप्पट, हे शाळेतलंच गणित आहे. आणि आपल्याकडे चाळीसगावहून कन्नड घाट, वर तोरणमाळ, धुळ्याजवळ लळिंग, मे महिन्यात पारा ४४-४५ वर. तापलेला ड्रम फुगतो, लायनर सरकतो, पाय खाली जातो आणि गाडी काही थांबत नाही.

मग गॅरेजवाला सांगतो, पुढे डिस्क टाक नि मोकळा हो भो. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. ती चांगलीच, माझंही मत पुढे डिस्क आणि मागे ड्रम असंच आहे, हँडब्रेकची भानगडही राहत नाही. पण नुसती डिस्क बसवून काम होत नाही, पेडल दाबलं की तेल पुढे ढकलतो त्या मास्टर सिलेंडरपासून सगळं एकमेकांना जुळावं लागतं. पॅड आवळणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन मोठा, त्याला तेल जास्त लागतं, म्हणून जुना लहान बोअरचा, म्हणजे आतल्या व्यासाचा, मास्टर ठेवला तर पेडल खोल जातं. म्हणून लोक मोठा टाकतात, १९ मिलिमीटरच्या जागी २२ चा, पण मग तेवढ्याच जोराने पाय दाबला तर प्रेशर पाव भागाने कमी होतं, वर डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळायची सवय नाही, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा बूस्टर लागणारच. बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढण्याच्या जोरावर चालतो. डिझेल इंजिन टाकलं असेल तर व्हॅक्यूम पंप वेगळा लागतो, आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला चावी बंद करून न्यूट्रलवर सोडणारे महाभाग आपल्याकडे आहेतच, त्यांचा बूस्टर दोन-तीनदा पाय दाबला की संपला! ड्रमसाठीच्या जुन्या मास्टरमध्ये लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व असतो, तोच डिस्कला ठेवला तर पॅड कायम घासत राहतात, हे फार कमी मिस्त्री तपासतात.

सगळ्यात घातक म्हणजे मागची चाकं आधी लॉक होणं, म्हणजे फिरायचं थांबून घसरणं. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं, ते आधी अडकलं की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. त्यासाठी मागच्या लाइनला प्रेशर कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व टाकून रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात बघायचं, बाहेर कुणालातरी उभं करून, पुढची चाकं आधी लॉक होतात ना. शक्य असेल तर डबल सर्किटचा, म्हणजे दोन वेगळ्या लाइनींचा, मास्टर घ्यावा, एक पाइप फुटला तरी निम्मे ब्रेक हातात राहतात. हा खर्च ॲलॉयपेक्षा आधी करायचा, पण फोटोत दिसत नाही ना, म्हणून राहतो.

ब्रेकच्या तेलाचंही तेच. डॉट ३ प्रतीचं तेल नवं असताना २०५ डिग्रीला उकळतं, पण हवेतलं पाणी ओढून ओढून तेच १४० पर्यंत येतं. डॉट ४ नवं २३० ला. घाटात उकळलं की लाइनमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते, तेल नाही. दर दोन वर्षांनी बदलावं, सीलबंद बाटलीतलं, गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडी पडलेली नको. सिलिकॉनवालं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

कायद्याचं एवढंच सांगतो, गाडीत फेरफार करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ स्पेसिफिकेशनपासून गाडी बदलण्याबद्दल कडक भूमिका घेतलीय. त्यामुळे इंजिनाला हात लावण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा मालकाला मास्टर सिलेंडरचा बोअर आणि मागच्या लाइनचा व्हॉल्व विचारा, आणि जे सांगेल ते फोटोखाली छापा.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर