मुन्ना, तुला एक विचारायचं राहिलंय

क्लार्क्सडेल, मिसिसिपी
९ सप्टेंबर

प्रिय मुन्ना,

तुझ्या पत्राला सात महिने झाले. ईदला फोन केला नाही, चाचांच्या बरसीलाही नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे, शुगर गोळ्यांवर आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. झालं.

गेल्या शनिवारी बुवांनी, म्हणजे मी गिटारीवर साथ करतो त्या इथल्या ब्लूज गायकानं, माइक माझ्याकडं सरकवला.

त्यांच्या घशाचं ऑपरेशन झाल्याचं तुला कळवलं होतं. गाठ गेली, आवाजही गेला. आता नुसती कुजबुज उरली आहे. समोर बसलं तर कळते, गाडीत शेजारी बसलं तर नाही. डॉक्टरांनी सहा महिने विश्रांती सांगितली होती. चौथ्याच महिन्यात त्यांनी गिटार उचलली आणि मला खुणेनं सांगितलं, चल.

शनिवारी चौदा माणसं होती. दारावरचे पैसे मीच वाटतो, म्हणून आकडा पक्का. चार नॉर्वेचे पाहुणे, बाकी नेहमीचे. टाके झाकायला बुवांनी गळ्याभोवती निळा रुमाल बांधला होता. करंगळीत ती गोटी, गॅरेजातल्या गोटी पान्याची, वर्षानुवर्षं तारांवर घासून आरशासारखी झालेली. त्यांनी एक आवर्तन वाजवलं, तोंड उघडलं, आणि माइकमधून नुसता वारा आला. कुणी काही बोललं नाही. बुवा थांबले नाहीत. आणखी एक आवर्तन घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि बुटाच्या टोकानं स्टँड माझ्याकडं ढकलला. त्याचा लोखंडी तळ सिमेंटवर खरवडत आला, तो आवाज अजून कानात आहे.

मी मान खाली घातली आणि वाजवत राहिलो.

शेवटी काउंटरमागच्या बाईंनी ग्लास पुसता पुसता ती ओळ उचलली. कोपऱ्यातल्या दोघांनी साथ दिली, आणि गाणं कसंबसं पार पडलं. बुवांनी स्टँड परत ओढला नाही. बारा वाजेपर्यंत तो तसाच माझ्या तोंडासमोर उभा होता.

अकरा वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला बसतो. त्यांचा हात कुठं थबकणार, पाय कुठं पडणार, हे मला त्यांच्याआधी कळतं. पण एक ओळ गायलो नाही. का, ते तुला ठाऊक आहे. सात वर्षांचे असल्यापासून बुवा कापूस वेचत होते. घरात अर्धेलीची शेती. जमीन मालकाची, बी मालकाचं, उधारी मालकाच्याच दुकानात, आणि डिसेंबरात हिशेब मांडला की देणं उरलेलंच. गावाबाहेरच्या हॉप्सनच्या मळ्यात १९४४ साली अख्खं पीक यंत्रानं निघालं. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत हातांची गरज संपत गेली आणि माणसं रेल्वेनं शिकागोला गेली. बुवांचे दोघं भाऊ गेले. आईला सोडवेना म्हणून हे राहिले. त्यांच्या एकेका ओळीत तो डिसेंबर आहे. ती ओळ मिरजेतल्या कारकुनाच्या मुलानं कोणत्या तोंडानं म्हणायची? गिटारीचं वेगळं आहे, ती शिकता येते. गाताना मात्र ‘मी’ म्हणावं लागतं रे.

रविवारी त्यांच्याकडं गेलो. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी नातवासाठी तार ठोकली आहे, लहानपणी स्वतःसाठी ठोकली होती तशीच. दोन खिळे, झाडूची उसवलेली तार, आणि तार उचलून धरायला घोडी म्हणून औषधाची बाटली आडवी सरकवलेली. बाटलीच्या गोल पाठीवर तार टेकते तिथून जी झणझण निघते, तुझ्या तंबोऱ्याच्या घोडीवरून निघते तशीच, ती ऐकून तू पहिलं विचारलं असतंस, जवारी कुणी लावली? मी पोराला तार धरून दाखवत बसलो, कारण बोलायला धीर होत नव्हता. मग सगळं बोललो. कापूस, डिसेंबर, माझा बाप, माझी जीभ. त्यांनी मी दिलेलं मोटेलचं पॅड पुढं ओढलं आणि लिहिलं: तू कापूस वेचला नाहीस हे सगळ्यांना दिसतंच आहे. शनिवारी नऊला ये.

कागद पाकिटात आहे. झोप नाही.

त्यात दुसरंही एक आहे. शनिवारी वाजवतो त्या जागेचे मालक सोमवारी भेटले. माणूस चांगला आहे, सांगताना त्यांनाच जड जात होतं. गाणारा नसेल तर शनिवार दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल, म्हणाले. दारावरचे माझ्या वाट्याला साठ डॉलर येतात, बादलीतली टिप वेगळी. माझं त्याच्यावाचून अडत नाही, पाच रात्री मोटेलचं काउंटर आहे. बुवांना शनिवार नसेल तर काय? एप्रिलमध्ये जूक जॉइंट फेस्टिव्हलला इथं पाय ठेवायला जागा नसते, पण एप्रिल एकच असतो. जानेवारीत कुत्रं फिरकत नाही, तेव्हाही बुवा इस्त्रीचा शर्ट घालून त्या खुर्चीत बसतात. सीडीच्या दोनेकशे प्रती माझ्या पलंगाखाली आहेत. मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं तर २०२४ पासून नियमच केला, वर्षात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचा एक सेंटही नाही. आमच्या नऊ गाण्यांतली दोन हजाराच्या वर जातात. बाकीच्या सातांत बुवांच्या आईवरचं गाणं आहे. हा अन्याय आहे, आणि मी तो कुणालाही तोंडावर सांगेन.

दुपारी उठतो तेव्हा नदीपलीकडच्या हेलेनाचा रेडिओ लागलेला असतो. सव्वाबाराचा ब्लूजचा कार्यक्रम, १९४१ पासून चालू आहे. तो ऐकत भात लावतो. आमटीला इथली मिरची चालते, तुझ्या मसाल्याचा डबा मात्र संपला. मागच्या वेळी भाभीच्या हातचा म्हणून पाठवलास तो बाजारचा होता, मला वासावरून कळलं. भाभीला सांगू नको, मी सांगणार आहे.

त्या गंधारावरून आपलं झालं होतं, आठवतं? मी बुवांचं रेकॉर्डिंग पाठवलं आणि तू म्हणालास, तुझ्या म्हाताऱ्याचा गंधार उतरलाय की चढलाय हे त्याला तरी ठाऊक आहे का? तीन आठवडे मी फोन उचलला नाही. आजही सांगतो, गिटारीच्या सुट्या तारा षड्ज-पंचमात लावलेल्या, एकच तार शुद्ध गंधाराची, आणि गळा लागतो तो त्या गंधाराच्या आणि कोमलच्या मधे. दर वेळी तिथंच, केसाचा फरक नाही. आवाज जायच्या आधी पंधरा दिवस मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलं. तिथंच होता.

आता हे तुलाच का लिहितोय ते सांगतो.

१९९६ चा उरूस. दर्ग्यात पहाटेची वेळ, एक गाणं संपलेलं, पुढचे गायक यायचे होते, लोक पेंगत होते. तंबोरा तूच जुळवून ठेवलेला. चाचा म्हणाले, मुन्ना, तोवर म्हण की थोडं. तू उठलास. अर्धा उठलास, आणि माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, तुमच्या घरात तंबोरे होतात, गाणं होत नाही. बस खाली.

तू बसलास.

सहा महिने आपण बोललो नाही, मग स्टेशनवर भेळ खाताना बोलायला लागलो, आणि तो विषय कधी निघाला नाही. तू घोडी घासता घासता गुणगुणतोस तेवढंच. त्यानंतर माणसांसमोर तू गायल्याचं मला माहीत नाही. मला वाटायचं, मी गाण्याची इज्जत राखली. शनिवारी स्टँड माझ्यासमोर आला तेव्हा तुझा तो अर्धा उठलेला गुडघा डोळ्यांपुढं आला. जे तुला ऐकवलं तेच मी अकरा वर्षं स्वतःला ऐकवतोय. तुला ते ऐकवायचा मला काही हक्क नव्हता. एकोणतीस वर्षं उशीर झाला. माफ कर.

मोटेलला जाताना वाटेत रिव्हरसाइड हॉटेल लागतं. पूर्वी ते कृष्णवर्णीयांचं हॉस्पिटल होतं. हायवे ६१ वर गाडीला अपघात झाला आणि ब्लूज गाणारी बेसी स्मिथ तिथं वारली, २६ सप्टेंबर १९३७. आपले अब्दुल करीम खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७. रेल्वेतून मध्येच उतरून, मद्रासकडच्या सिंगपेरुमल कोविलच्या फलाटावर. दोघंही वाटेतच गेले, एका महिन्याच्या अंतरानं. चाचा ती फलाटावरची गोष्ट सांगायचे तेव्हा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून सांगायचे. हे इथं सांगायला माणूस नाही. बुवांना एकदा सांगितलं, त्यांनी टोपी काढली.

बरं, तुझं? मुलीच्या ॲडमिशनचं काय झालं? जीआय मानांकन मिळाल्यापासून तंबोऱ्याला भाव येतोय का, की पेपरात फोटो आला तेवढंच? पंढरपूरकडचे भोपळे यंदा बरे आले का? पाठीला पट्टा लावून बसत जा, कानस घेतलीस की तुझं भान जातं. सगळ्यांना सलाम. सविस्तर पुढच्या वेळी विचारतो, खरंच.

आता तेवढंच सांग. त्या रात्री तू माझ्यामुळं बसलास का? की तुलाही आतून तसंच वाटत होतं? खोटं सांगून माझं मन राखू नको, त्याचा मला उपयोग नाही. आणि दुकान बंद असताना, कुणी नसताना, तू कधी पूर्ण गायलास का? गायला असशील तर पहिली ओळ कशी बाहेर काढलीस?

पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून फोटो काढून मोबाइलवरही पाठवतोय. शुक्रवारी माझी रात्रपाळी आहे. इथं रात्रीचे बारा म्हणजे तुझ्याकडं सकाळचे साडेदहा. शटर वर केलंस, पाणी मारलंस, की फोन कर. त्या वेळी मोटेलमध्ये कुणी येत नाही. मी गिटार काउंटरखाली ठेवलेली असेल.

तुझा,
बापू