पोत्याची खोळ घेऊन आलेल्या मामांना

मामा, तुमच्याकडे बटणाचा फोन आहे हे माहितीये, म्हणून हे तुमच्या नातवाने तुम्हाला वाचून दाखवावं असं त्याला सांगून ठेवलंय. आज सकाळी सोनचाफ्याला पहिलं फूल आलं. एकच, पण वास पार हॉलपर्यंत, मी तोंडात ब्रश तसाच ठेवून अंगणात पळाले.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आम्ही सोलापूरचे, माझं माहेर कुडाळकडचं, तिकडे चाफा परसात असा वाढतो की त्याच्याकडे कोणी बघतपण नाही. मला इथे दारात तो हवाच होता. २०२२ ला पहिलं कलम आणलं, काळ्या मातीत खड्डा काढून लावलं, पावसात खड्ड्यात पाणी तुंबलं आणि ऑगस्टमध्ये मुळं कुजून गेलं. पुढच्या वर्षी दुसरं आणलं तर त्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. जिथून घेतलं त्या नर्सरीत तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाले ऊन कमी पडतंय, दुसऱ्यांदा म्हणाले ऊन जास्त होतंय, तिसऱ्यांदा साडेतीनशेची एक बाटली हातात दिली आणि वर "मॅडम, चाफा नशीबवाल्यालाच लागतो". म्हणजे झाड मरतंय त्यांचं आणि नशीब खोटं माझं! एकदाही कोणी विचारलं नाही की पाणी कुठलं घालता.

तुम्ही आलात आणि पहिला प्रश्न तोच. मी म्हटलं बोरचं. तुम्ही नळाखालच्या फरशीवरचा पांढरा थर नखाने खरवडून मला दाखवलात, "ह्यो बघा चुना. आपलं रान चुनखडीचं, त्यात ह्ये पाणी. मातीत लोखंड असतंय ताई, पण चुना झाडाला ते घेऊ देत न्हाई. कोकणातलं पोर हाय ते, त्याला हे कसं सोसंल?" मग हिराकस (झाडाला लोह देणारा क्षार), शेणखत, पावसाचं पाणी साठवा वगैरे, ते सगळं केलं, इथे लिहीत बसत नाही. एक मात्र सांगितलंच पाहिजे. ज्या जोमदार फांदीचे फोटो मी कौतुकाने स्टेटसला टाकत होते, ती कलमाच्या जोडाखालून आलेली, खुंटाची निघाली, म्हणजे ज्या झाडावर चाफा बांधलेला त्याची, चाफ्याची नाहीच. तुम्ही ती कापलीत तेव्हा मला रडायला आलं होतं, आणि तुम्ही हसला नाहीत.

पण मामा, हे पत्र त्यासाठी नाहीये.

त्याच आठवड्यात मृगाचा पाऊस रात्रभर कोसळला. पहाटे मला जाग आली, खिडकीतून बघते तर तुम्ही. युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर, सायकल गेटला टेकवलेली. चपला फाटकाशी काढून ठेवल्यात, चिखलात अनवाणी उतरलात, काडीने आळं खोचून बघितलंत, पाणी साचलेलं दिसल्यावर टाचेने एका बाजूची माती दाबून त्याला वाट करून दिलीत, ते पाणी गेटकडे वाहायला लागेपर्यंत तिथेच थांबलात. मग चपला हातात घेऊनच निघून गेलात. बेल वाजवली नाहीत, कारण आम्ही झोपलेलो असणार. नंतर भेटलात तेव्हाही त्याबद्दल एक शब्द नाही, आणि मीपण बोलले नाही, का कोण जाणे, बोलले असते तर तुम्ही अवघडला असतात असं वाटलं. दुसऱ्याच्या झाडासाठी पहाटे पावसात सायकल मारत येणारा माणूस अजून आहे हे आमच्या सोसायटीत सांगितलं तर एकाने विचारलं, "किती घेतले?" काही घेतलं नाही हो! चहा घेतला, तोही बिनसाखरेचा.

बी लावलं असतं तर आठ-दहा वर्षं थांबावं लागलं असतं म्हणतात. मला तीन वर्षंच जड गेली होती, दुसरं झाड जायला लागलं तेव्हा मी तिथे फरशी टाकून घ्यायचं ठरवलं होतं. गवंड्याशी बोलूनपण झालं होतं.

अजून दोन कळ्या आहेत, उद्या उमलतील. फूल ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलंय, संध्याकाळी मामींसाठी घेऊन येते. सोबत भाकऱ्या आणि शेंगाचटणी आहे, ती मात्र परत पाठवायची नाही.