लँकेस्टरच्या त्या आजोबांना आणि दोन पोरांना खूप खूप थँक्यू

ते हे वाचणार नाहीत माहितीये, घरात ना इंटरनेट ना लाइटची वायर, तरी लिहितेय. पुण्याहून आईबाबा आलेत म्हणून न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत आमिश लोकांची (जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिश्चन पंथ) वस्ती बघायला गेलो होतो आणि बर्ड-इन-हँड गावाच्या पुढे शेताच्या कडेला आमचं टायर बसलं. स्टेपनी होती पण नट काही हलेना, मोबाईलला रेंज नाही. तेवढ्यात राखाडी बग्गीतून एक आजोबा आले, पांढरी दाढी पण मिशी नाही (लग्न झालं की दाढी राखतात, मिशी मात्र ठेवत नाहीत), मागून दोन पोरं स्कूटरवर, म्हणजे ती पायाने ढकलायची, तिकडे सायकलऐवजी तीच. आपसात जर्मन वळणाची बोली, आमच्याशी मात्र इंग्रजी. एक पोरगा धावत जाऊन गोठ्यातून लोखंडी पाइप घेऊन आला, पान्याच्या दांड्यावर चढवला, आजोबांनी एकदाच जोर दिला आणि नट सैल! तोवर घरातल्या काकूंनी आईला पडवीत बसवून गार पुदिन्याचा चहा दिला, आणि आई आपली त्यांची कप्पीवर सरकणारी कपड्यांची दोरी बघत बसली, आता तिला गॅलरीत तशीच हवीये 😄

फोटो काढला नाही, त्यांना आवडत नाही. नाव विचारायचंही राहिलं. पैसे घेतले नाहीत, पण आईने डिकीतून काढून दिलेला चकल्यांचा डबा मात्र हसत घेतला.